पावसानं मागे ठेवलेला दगड

जांभ्याच्या भिंतीला पाठ टेकून बसलं की सदऱ्यावर तांबूस डाग पडतो आणि तो धुऊन सहजी जात नाही. कोकणात वाढलेल्या माणसांच्या जुन्या कपड्यांवर असा एखादा डाग सापडतोच. घाटावरचा काळा दगड अंगाला लागत नाही. हात फिरवला तर थंडावा तेवढा जाणवतो. जांभा रंग देतो, भुगा देतो, पहिल्या पावसात ओला झाला की वास देतो. लहानपणी मला तो पुरता दगड वाटायचाच नाही, दगड आणि माती यांच्या मधलंच काहीतरी वाटायचा. पुढे भूशास्त्राची पुस्तकं हाताशी आली तेव्हा कळलं, की ती समजूत बरीचशी बरोबर होती.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि थिजले. त्यांचा बेसाल्ट झाला, आपला काळवत्री. त्यावर उष्ण प्रदेशातला पाऊस पडत राहिला. पाऊस, मग कोरडा काळ, पुन्हा पाऊस, अशी आलटापालट लाखो वर्षं चालली. पावसाचं पाणी हवेतला आणि कुजणाऱ्या पाल्यातला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि खडकाच्या फटींत शिरतं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी विरघळून वाहून जातात. मागोमाग सिलिकाही निघते. पाण्याला दाद न देता मागे राहतात ती लोहाची आणि ॲल्युमिनियमची संयुगं. कोरड्या काळात जमिनीतलं पाणी वर चढतं, सुकतं आणि लोहाचा एकेक पापुद्रा कणांभोवती बसवून जातं. जे गेलं त्याच्या जागी पोकळ्या राहिल्या, जे राहिलं त्याची जाळी झाली. चांगल्या तापलेल्या बिड्यावरच्या घावनाला पडते तशी जाळी जांभ्याच्या प्रत्येक तुकड्यात दिसते.

या जाळीत मला या दगडाचं सगळं चरित्र दिसतं. घर, पाणी, खनिज, फुलं, आणि माणसानं त्यावर कोरलेली चित्रंसुद्धा, सगळं एकाच गोष्टीतून आलं आहे: पावसानं काय नेलं आणि काय ठेवलं.

चिरेखाणीत उभं राहिलं तर हा इतिहास उभ्या भिंतीत वाचता येतो. सगळ्यात वर कातळ, काळपट, ठणठणीत, पहार मारली तर ठिणगी उडेल असा. त्याखाली तांबडा-पिवळा जांभा, कापण्याजोगा. आणखी खाली रंगीबेरंगी चिकणमाती, तिच्याखाली कुजका दगड, आणि तळाला कधीतरी काळवत्री. आता बहुतेक खाणींत यंत्राचं गोल पातं फिरतं आणि लाल धुरळ्याच्या ढगात तोंडाला फडकं गुंडाळलेली माणसं चिरे उचलत असतात. त्यांतली पुष्कळशी उत्तर कर्नाटकातून आलेली. तो धुरळा दिवसभर त्यांच्या छातीत जातो. नुसतं फडकं त्याला पुरत नाही, हे डोळ्यांना दिसतं आणि तरी वर्षानुवर्षं तसंच चालतं. पात्यावर पाण्याची धार सोडली तर धूळ जागच्या जागी बसते. ही काही अवघड गोष्ट नव्हे.

हातानं चिरे काढण्याच्या काळातले एक आजोबा मला म्हणाले होते, "चिरो कापताना मऊ. वारो लागलो काय लोखंड." हे अक्षरशः खरं आहे. जमिनीखालच्या ओलीत लोहाची संयुगं पाणी धरून असतात. उघड्यावर आली की ते पाणी सुटतं, स्फटिक घट्ट होतात आणि चिरा टणक बनतो. केरळात अंगाडिपुरम इथं लोक हाच दगड जमिनीतून कापून काढताना फ्रान्सिस बुकॅनननं पाहिले आणि 1807 साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनातून हा खडक ‘लॅटराइट’ या नावानं जगाच्या भूशास्त्रात गेला. आजोबांच्या चार शब्दांत जे होतं तेच तिथंही होतं. गवंड्यांना ते आधीपासून ठाऊक होतं.

अंगी असा गुण असलेल्या दगडाची घरं होणारच. कोकणातलं जोतं जांभ्याचं, पडवीचे खांब जांभ्याचे, विहिरीची बांधणी जांभ्याची, आणि आवाराभोवतीचा गडगाही शेतातून निघालेल्या जांभ्याच्या धोंड्यांचा, चुना-मातीवाचून नुसता रचलेला. पोकळ्यांत अडकलेली हवा ऊन आत येऊ देत नाही. वैशाखात ओटीवर बसणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. मात्र त्याच पोकळ्या पाणीही पितात. म्हणून जुन्या घरांना शिंपल्याच्या चुन्याचा गिलावा असे. चुना पावसाचा मारा अंगावर घेतो आणि भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. दर दोन-चार वर्षांनी तो पुन्हा फासायचा, एवढंच. घराच्या वर्षाच्या कामांतलंच ते एक काम होतं.

हे ज्ञान विसरलं की काय होतं याचं उदाहरण जुन्या गोव्यात उभं आहे. बॉम जेझस बॅसिलिकेचं बांधकाम 1594 मध्ये सुरू झालं आणि 1605 मध्ये तिथं प्रार्थना सुरू झाली. भिंती जांभ्याच्या; दर्शनी भागातल्या नक्षीसाठी बारीक पोताचा दगड हवा म्हणून बेसाल्ट थेट वसईहून समुद्रमार्गे आणलेला. साडेतीन शतकं या इमारतीच्या अंगावर चुन्याचा पांढरा गिलावा होता. 1950 च्या दशकात, पोर्तुगीज अमलातच, जीर्णोद्धार करणाऱ्यांनी तो खरवडून काढला. उघडा लाल दगड अधिक प्राचीन, अधिक भारदस्त दिसेल अशी कल्पना. पुढच्या पिढ्यांनी बॅसिलिका लालच पाहिली, लालच चित्रांत आणि पोस्टकार्डांवर आली, आणि आता अनेकांना तीच तिची खरी ओळख वाटते. 1986 मध्ये जुन्या गोव्यातली चर्च आणि मठ जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हाही ती अशीच उघडी होती.

दरम्यान गोव्याचा पाऊस आपलं काम करतो आहे. मुसळधार सरी तिरप्या येतात, जाळीत पाणी भरतं, चिकणमातीचे मऊ कण धुऊन जातात, चिऱ्यांच्या कडा गोल होतात. लाखो वर्षांपूर्वी बेसाल्टचा जांभा करणारी क्रिया भिंतीत चढलेल्या चिऱ्यावरही चालूच असते. बॅसिलिकेच्या पाद्रींनी आणि वास्तुसंवर्धकांनी गिलावा पुन्हा चढवावा असं कळकळीनं मांडलं आहे. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे. आपल्याला आवडणारा लाल रंग टिकवायचा म्हणून ज्या भिंतींचा तो रंग, त्या झिजू द्यायच्या, हे वारशाचं जतन होऊ शकत नाही. जवळच्याच टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या बुरुजाचा उरलेला भाग आहे. 1835 मध्ये मठ ओस पडला, 1842 मध्ये छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा बुरुज पडला. देखभाल गेली की जांभ्याची इमारत किती वर्षांत जाते, याचा हिशेब त्या अवशेषांत मांडलेला आहे.

आज नव्या रिसॉर्टांना आणि बंगल्यांना उघड्या जांभ्याची हौस आहे, आणि वरून चकचकीत लेप देतात. वास्तविक त्या दगडाला श्वास हवा. सिमेंटचा गिलावा किंवा बंद लेप ओल आत कोंडतो आणि चिरा आतून भुसभुशीत होतो. जुने गवंडी हे तपशीलवार सांगतात. विचारणारे कमी आहेत.

जांभ्याची दुसरी बाजू खनिजाची. जिथं पावसानं सिलिकेबरोबर लोहसुद्धा बरंचसं नेलं आणि ॲल्युमिनियम मागे ठेवलं, तिथं बॉक्साइट झालं. कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी, राधानगरी भागातल्या उंच पठारांवर ते आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या अशा सपाट टोप्या, पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार, या सगळ्या जांभ्याच्या. साधारण 4 टन बॉक्साइटमधून 1 टन ॲल्युमिनियम मिळतं. उरतो तो दाहक अल्कधर्मी लाल चिखल, आणि तो कुठंतरी साठवावा लागतो. हंगेरीत आयकाजवळ 4 ऑक्टोबर 2010 रोजी अशा साठ्याचा बांध फुटला, कोलोंतार गावात तो लोंढा शिरला आणि 10 माणसं गेली. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यामागे एक पठार असतं आणि एक चिखलाचा तलावही असतो.

गोव्याचं लोहखनिज मुळात बेसाल्टचं नाही. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या पट्ट्यातले लोह आणि गारगोटीचे पट्टे असलेले खडक दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी पटींनी जुने आहेत. पण त्यांच्यावरही हाच पाऊस पडला. गारगोटी धुपून गेली, लोह गाढ झालं, आणि वर जांभ्याची कडक टोपी बसली. या टोपीखालचं भुसभुशीत खनिज हाच तिथला भूजलाचा सर्वांत मोठा साठा आहे. ज्या पोकळ्यांमुळे ते खनिज समृद्ध झालं, त्याच पोकळ्यांत पाणी राहतं. खनिज आणि पाणी तिथं वेगळी काढता येत नाहीत. खाण भूजलपातळीच्या खाली गेली की खड्ड्यातलं पाणी पंपानं उपसावं लागतं, आणि टेकडीच्या पायथ्याच्या गावातल्या विहिरी कोरड्या पडतात.

शिवाय 1 टन खनिजासाठी अडीच-तीन टन माती उकरून बाजूला टाकावी लागते. त्या ढिगाऱ्यांवर पाऊस पडला की लाल गाळ ओहोळातून भातशेतीत उतरतो आणि वाफ्यात बसतो. रस्त्यालगतच्या काजूच्या पानांवर, घरांच्या कौलांवर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर ट्रकांची धूळ. या धुळीत गारगोटीचे सूक्ष्म कण असले तर ते फुफ्फुसात कायमचे रुततात. 2010-11 या एका वर्षात गोव्यातून 5 कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेलं. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, 2012 मध्ये खाणी थांबल्या, 21 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला 2 कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली, आणि 7 फेब्रुवारी 2018 रोजी 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, चहाच्या टपऱ्या, सगळ्यांची चूल त्या खनिजावर होती. त्यांचं दुःख खरं आहे. सांगे-केपेच्या ज्या शेतकऱ्याच्या वाफ्यात गाळ बसला, त्याचंही खरं आहे. डिसेंबर 2022 पासून नव्यानं लिलाव सुरू झाले. आता प्रश्न एवढाच उरतो, की या वेळी खाणीच्या आराखड्यात विहिरींची जागा पहिल्या पानावर असेल की शेवटच्या.

जांभ्याचा आणखी एक गुण मला थक्क करतो. लोह आणि ॲल्युमिनियमची ही संयुगं पाण्यातल्या आर्सेनिकला स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. पश्चिम बंगालमध्ये लक्षावधी माणसं हातपंपाचं आर्सेनिकयुक्त पाणी पीत आली. कातडीवर चट्टे, तळहातांवर गाठी, पुढे कर्करोग. खरगपूरच्या आयआयटीत प्राध्यापक शिर्शेंदु डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच जांभ्यावर आम्ल-अल्कलीची प्रक्रिया करून त्याची धरण्याची ताकद वाढवली आणि गावांत, शाळांत चालतील अशी गाळणयंत्रं बनवली. पाण्यातल्या आर्सेनिकची सुरक्षित मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. तिथवर आणायला हा स्वस्त दगड उपयोगी पडतो. पायाखालच्या दगडात हे औषध होतं.

हाच गुण शेताला मात्र नडतो. जांभा स्फुरदही असाच धरून बसतो आणि पिकाला सोडत नाही. म्हणून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, अन्नाची वानवा. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांनी कातळात सुरुंग लावून खड्डे केले, खालून माती वाहून आणून भरली, तेव्हा कुठे हापूसची कलमं धरली. त्या कष्टाला तोड नाही.

पण सड्याचं स्वतःचं पीक वेगळंच आहे. जूनमध्ये कातळाच्या खोलगट भागात पाणी साचतं आणि बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू उगवतात. सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन्ही वनस्पती किडे धरून खातात. जमिनीत पोषण नाही म्हणून त्यांनी ही वाट काढली. कोकणच्या सड्यांवरच वाढणारी पांढरी दीपकाडी पावसाच्या सुरुवातीला फुलते आणि थोड्या दिवसांत दिसेनाशी होते. मे महिन्यात याच सड्यावरून अनवाणी चालता येत नाही. ज्यानं हे दोन्ही महिने पाहिले नाहीत त्यानं सड्याबद्दल मत देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि या कातळावर कुणीतरी चित्रं कोरून ठेवली आहेत. कशेळीचा प्रचंड हत्ती, ज्याच्या देहात आणि भोवती इतर प्राणी आहेत. बारसू, देवीहसोळ, उक्षी, जांभरूण, रुंढे तळी, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गात कुडोपी, गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ. हजारांहून अधिक आकृती आहेत. वाघ, मासे, माणसं, आणि आज कोकणात कुठंही नसलेला गेंडाही. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेची माणसं सडे पायाखाली घालत या आकृती शोधत, नोंदवत गेली. 2022 मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. कोरणाऱ्यांनी उभी भिंत निवडली नाही, गुहा निवडली नाही; आडवा, आभाळाखालचा, पावसाचा मार खाणारा सडा निवडला. त्यांना तो ओसाड वाटला नसावा.

आपल्या महसुली कागदांवर मात्र याच सड्याचे मोठे तुकडे ‘पोटखराबा’ म्हणून लिहिलेले आहेत, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. अशी नोंद असली की त्या जागेवर खाण काढणं, प्रकल्प आखणं, प्लॉट पाडणं सोपं जातं, कारण कुणाचं काही गेलं असं कागदावर दिसतच नाही. प्रत्यक्षात कोकणच्या गावाची रचनाच सड्यावर बेतलेली आहे. वर सडा, उतारावर वाडी, खाली आगर. सड्यावर पडलेला पाऊस जाळीतून खाली झिरपतो, चिकणमातीच्या थरावर अडतो आणि आडवा सरकत उताराला झऱ्यातून, बावीतून, वहाळातून बाहेर येतो. पोफळीच्या बागेतल्या पाटाचा उगम वरच्या उजाड दिसणाऱ्या कातळात असतो. जांभा पाणी भरभर घेतो आणि भरभर सोडतोही, म्हणून तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात एप्रिलमध्ये टँकर येतो. अशा ठिकाणी माथ्यावरचा थर कापून नेला, तर आधीच कमी टिकणारं पाणी आणखी आधी संपणार, हे कळायला मोठ्या यंत्राची गरज नाही. सोडून दिलेल्या चिरेखाणींचे खड्डे दर पावसाळ्यात भरतात. त्यांना कुंपण नसतं, आणि त्यांत जनावरं पडतात, मुलं बुडतात.

चिरे काढूच नयेत असं मी म्हणत नाही. ज्या दगडानं आमची घरं उभी केली तो पुढच्यांनाही मिळायला हवा. पण कुठला सडा कापायचा आणि कुठला राखायचा, हे ठरवताना त्याखालचे झरे, त्यावरची फुलं आणि त्यावरच्या आकृती आधी मोजल्या गेल्या पाहिजेत. ते काम बाहेरून कुणी येऊन करणार नाही. या पावसाळ्यात गावी गेलात तर गुडघाभर गवतातून एकदा सड्यावर चढा, वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की कुठल्या झऱ्याचं पाणी कुठून येतं, आणि सड्याचा सातबारा काढून बघा. तिथं पोटखराबा लिहिलेलं असेल तर पुढच्या ग्रामसभेत उभं राहून सांगा, की हे आमच्या विहिरींचं पाणलोट क्षेत्र आहे, आणि ते तसंच ठरावात नोंदवून घ्या.